एकसष्ट नंबरचे कपडे

ओव्हेद मेला. राखीव फौजेच्या ड्युटीवर, जीप उलटून, सपाट रस्त्यावर. वीस वर्षं त्याने डोंगरउतारावर ट्रॅक्टर चालवला, तिथे त्याला साधं खरचटलंही नव्हतं. लष्कराने झेंडा दिला, खड्डा आम्ही खणला. खणणारी अवोकाडोच्या बागेतली आमचीच टोळी होती, त्यामुळे खड्डा झाडांच्या ओळीशी अगदी काटकोनात आला.

आता हे सगळं झालंच नाही असं धरा. आम्हालाही तसंच धरावं लागलं, कारण सात आठवड्यांनी, एका रविवारी, त्याची पँट धुवायला आली.

आमचा किबुत्झ म्हणजे इस्रायलमधलं सामायिक शेतीचं गाव, त्यामुळे धुलाईही सगळ्यांची एकत्र. प्रत्येकाच्या कपड्यांवर नंबर शिवलेला, आणि धुऊन झालं की त्या नंबरच्या कप्प्यात घडी. ओव्हेदचा नंबर एकसष्ट. धुलाईघर ब्रुरियाच्या ताब्यात, तीस वर्षं. त्या रविवारी मी माझे कपडे टाकायला गेलो, तर तिने हाक मारली.

"एयाल, इकडे ये. हे काय आहे?"

"पँट."

"पँट आहे हे मलाही दिसतं, शहाण्या. कोणाची?"

"एकसष्ट."

"आणि चिखल?"

मी बोट लावून पाहिलं. ओला होता.

"मेल्यावरही कपडे मळतात वाटतं," मी म्हणालो. "माझे तर बसल्या बसल्या मळतात."

"तुझं बसणं अख्ख्या किबुत्झला माहीत आहे." तिने पँट उजेडात धरली. "दोन्ही गुडघे सारखेच भरलेत. बागेत काम करणारा असा टेकत नाही. प्रार्थनेला बसल्यासारखं टेकलंय कुणीतरी. तिर्झाला बोलाव."

तिर्झा म्हणजे ओव्हेदची बायको. ती आली आणि लगेच कबूल झाली.

"हो, मीच. शुक्रवारी त्याची पँट घालते आणि बागेत पाइप गळतो तिथे जाऊन गुडघे टेकते."

"अगं, पण कशाला?"

"धुतलेले कपडे कपाटात पडून राहतात, ब्रुरिया. मळले की इथे येतात आणि इथून त्याच्या कप्प्यात जातात. मंगळवारी मी येऊन त्याच्या कप्प्यातून त्याचे कपडे नेते. नवऱ्याचे कपडे न्यायला येते, एवढंच."

ब्रुरियाने पँट टबात टाकली आणि साबण नेहमीपेक्षा जास्त घातला.

पण कप्पे मोजके, दोनशे चाळीस. चारेक महिन्यांनी अर्जेंटिनाहून एक जोडपं राहायला आलं आणि एक नंबर कमी पडला. नियम असा, की तीन आठवडे ज्या नंबरचं काही धुवायला येणार नाही, तो पुढच्याला द्यायचा. आणि नेमकी तेव्हाच तिर्झाला तीन आठवडे हैफाला जावं लागलं, बहिणीच्या बाळंतपणाला.

"एयाल, तू करशील ना?" जाताना तिने खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

मी केलं. ओव्हेदची पँट मला दोन मापं मोठी. शेजारच्या ओळीतले लोक तोडणी थांबवून बघत होते. रविवारी ब्रुरिया म्हणाली, "डावा गुडघा. तू डावखुरा आहेस आणि आळशीही, एकावरच भागवलंस."

दुसऱ्या आठवड्यात मला ताप भरला. गुरुवार ते सोमवार मी अंथरुणात, किल्ली उशीखाली. पँट तिर्झाच्या कपाटात, खोलीला कुलूप.

मंगळवारी मी धुलाईघरात गेलो, तर एकसष्टच्या कप्प्यात घडी तयार.

"कुणी आणली?"

"मला वाटलं, तूच."

"मी तापात होतो. तू तर नाही ना टेकलीस?"

"मी?" ब्रुरिया म्हणाली. "माझे गुडघे चार वर्षांपूर्वी वाकायचे थांबलेत."

इस्त्रीची वाफ फुसफुसत होती, ती तिने बंद केली.

"उजवा गुडघा होता," ती हळूच म्हणाली. "फक्त उजवा, आणि खिशात पाइपचा एक वॉशर. वीस वर्षं त्याच्या पँटा मी अशाच धुतल्यात."

त्यावर माझ्याकडे एक विनोद होता, तो मी केला नाही.

तिर्झा परतली त्याच दुपारी जेवणघरात एकसष्ट नंबरसाठी समिती बसली. सचिव मेशुलमपुढे नियमांची वही, समोर आम्ही तिघं. काकड्या कापायच्या थांबवून स्वयंपाकाच्या बायकाही आल्या.

"कपडे धुवायला येतात हे खरं, पण कलम सात," मेशुलम म्हणाला. "मृत सदस्याचा नंबर रिकामा होतो. तिर्झा, मला वाईट वाटतं, पण वहीत असंच आहे."

तिर्झाच्या मांडीवर ती पँट होती.

"कलम आठ वाच," मी म्हणालो. "लष्करी ड्युटीवर असलेल्या सदस्याचा नंबर काढता येणार नाही."

"एयाल, तो मेला."

"ड्युटीवर मेला. ड्युटी संपल्याचा कागद दाखव."

मेशुलम प्रामाणिक माणूस, त्याने खरंच फाइल उघडली. मृत्यूचा कागद निघाला, दफनाचा निघाला, झेंड्याची पोचपावतीही निघाली. कार्यमुक्तीचा कागद नव्हता. तो पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला लागला. कुणी हसलं नाही.

"बरं," शेवटी तो म्हणाला. "लष्कराला लिहा. उत्तर येईपर्यंत नंबर त्याचाच."

बाहेर आल्यावर तिर्झाने माझी बाही धरली.

"एयाल, असं लिही की उत्तर येणारच नाही."

मी त्याच दिवशी लिहिलं.

प्रति, राखीव सैन्य कार्यालय.
विषय: सदस्य ओव्हेद, धुलाई क्रमांक एकसष्ट, यांच्या कार्यमुक्तीबाबत.

महोदय, वरील सदस्य एकवीस दिवसांच्या ड्युटीसाठी आपल्याकडे हजर झाले, त्यास सात महिने उलटले आहेत. सध्या बागेत तोडणी सुरू असून माणसं कमी आहेत. तरी त्यांना तातडीने कार्यमुक्त करून परत पाठवावे, ही नम्र विनंती. काही कारणाने ते येण्यास असमर्थ असल्यास, तसे त्यांच्या स्वतःच्या सहीने कळवावे.