बिनआवाजाच्या तबकड्या

आजारपणात दादाचा उजवा हात गेला. म्हणजे हात होता जागेवर, उचलता येत होता, बोटंही थोडीफार वळायला लागली होती. पण त्या हाताला काही कळेनासं झालं होतं. गरम नाही की गार नाही. आणि हा माणूस डीजे! बावीस वर्षं त्याच हाताच्या जोरावर लोकांना नाचवलेलं.

"या चाकांना काही बोलताच येत नाही बघ," गाणी वाजवायच्या कंट्रोलरवर चापट मारून तो म्हणायचा. त्याची दोन्ही चाकं जागच्या जागी बसलेली, ढकलली तरच हलणारी. "जुन्या रेकॉर्डसारखी तबकडी आपली आपण फिरत असती ना, तर तिनं माझा हात जागा केला असता."

धाकट्या बहिणीने हे मनावर घेतलं. ती शिलाई मशीन दुरुस्त करायची. डॉक्टर ठाम काही सांगत नव्हते, तो वाजवायचा त्या हॉलवाल्याने दादाची जागा महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवली होती, आणि हातावर हात धरून बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिने जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटारी काढल्या, ओळखीच्या खराद्याकडून ॲल्युमिनियमच्या दोन जाड तबकड्या कातून आणल्या, मशीनचे पट्टे चढवले. वर कोटाच्या कापडाचे गोल चिकटवले. तबकडी जरा जरी लटपटली तरी दिसावी म्हणून काठावर शिंपी वापरतात त्या खडूची रेघ ओढली. बेअरिंग तीनदा बदलले. तिच्या धंद्यात चांगलं मशीन म्हणजे चालतंय हेही कळू नये असं मशीन. डोळे मिटून ती तबकडीवर तळवा ठेवायची आणि बारीकशी थरथर लागली तरी सगळं पुन्हा खोलायची.

"बटण बंद केलं तरी दहा-बारा फेरे मारते, आहेस कुठे!" शेवटी तिने बढाई मारली.

"मशीनवाल्या बाई, आता पुरे. बसवा एकदाची," दादा हसला. कित्येक महिन्यांनी हसला होता तो.

रविवारी दुपारी तिने सगळं मांडलं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला. घरातल्या घरात, बहिणीसमोर, इस्त्रीचा शर्ट! ते बघूनच तिला भरून आलं. तो नेहमीसारखा ताठ उभा राहिला, नजर समोर, जणू भिंतीपाशी माणसं जमलीत. वाजवताना तो खाली कधीच बघायचा नाही.

"आवाज मी सांगितल्यावर सोड. आधी हाताला कळू दे."

तिने बटण दाबलं. त्याने उजवा तळवा अलगद टेकवला. खडूची रेघ त्याच्या बोटांखाली गेली, पलीकडून बाहेर आली, पुन्हा गेली.

दादा वाट बघत होता.

"अगं, चालू कर की," तो म्हणाला.

इतके दिवस तिने प्रत्येक गोष्ट स्वतःच्या तळव्याने तपासली होती, एकदाही त्याचा हात धरून तबकडीवर ठेवला नव्हता. होती नव्हती ती थरथरसुद्धा तिनेच घासून काढली होती. खडखड करणारी तबकडी कदाचित त्याच्या मनगटापर्यंत तरी पोचली असती. कदाचित नसतीही. आता कुणाला विचारायचं?

"करते हं, थांब," म्हणत तिने चटकन वायर उपटली आणि त्याचा हात उचलून बाजूला केला. "वायरच सैल झालीय मेली. आज नाही व्हायचं बहुतेक. मोटार बसली वाटतं."

"तुझ्या हातची मोटार बसली?"

दादाने समोरची नजर न काढता डावा हात पुढे केला आणि तबकडीवर ठेवला.

तिचे दहा-बारा फेरे अजून संपले नव्हते.

"छान फिरते गं," दादा म्हणाला. ती पूर्ण थांबेपर्यंत त्याने हात काढला नाही.