गाडी थॉर्नबेकला थांबत नाही

मी एक जुनी पितळी घंटा आहे. मित्रांनो, हसू नका. आज वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला जमिनीवर ठेवले आहे. पण एके काळी थॉर्नबेक नावाच्या एवढ्याशा स्टेशनावर मी वाजल्याशिवाय समुद्राकडची गाडी हलत नसे. हमाल अल्फ मला वाजवायचा.

अल्फची मुलगी मेव्हिस फलाटावर चहा विकायची. एकदा तिचा चहा पिण्याच्या नादात सिरिल नावाच्या संगीतकाराची गाडी चुकली. मेव्हिस खो खो हसली. पुढे त्याच्याशीच तिने लग्न केले!

सिरिल लंडनच्या रेडिओसाठी हलक्याफुलक्या धुना रचत असे. महायुद्ध संपल्यावर त्याने ‘सुटीची गाडी’ रचली. व्हायोलिने धावायची, ढोलांवर चाके खडखडायची. मध्येच सारे शांत होऊन एकटी बासरी वाजायची आणि मग मी. ते थॉर्नबेक होते, मेव्हिससाठी ठेवलेले. मला मागायला तो आला, तेव्हा अल्फ म्हणाला, “न्या की जावईबापू! पण वेळेवर वाजवा हं, नाहीतर गाडी उभीच राहायची!”

तालमीत सगळे वादक माझ्या पाळीची वाट बघत. काय तोरा होता माझा! मग रेकॉर्ड काढणारे साहेब घड्याळ बघत आले.

“सिरिल, तबकडीच्या एका बाजूत हे मावत नाही. ते मधलं रडगाणं काढून टाक.”

“रडगाणं नाही ते, स्टेशन आहे.”

“असू दे. कोण उतरतंय तिथं?”

सिरिलने पेन्सिलीने पानावर काट मारली आणि मला पिशवीत कोंबले. त्याचा राग मला अजून येतो.

धून घरोघरी पोचली. दूधवाला ती शिळेवर वाजवू लागला. मेव्हिसने ती रेडिओवर पहिल्यांदा ऐकली आणि चहा ओतता ओतता तिचा हात थबकला.

“अरे, तुझी गाडी माझ्या स्टेशनवर थांबलीच नाही!”

“पुढच्या वेळी थांबवतो गं. पूर्ण वाजवू.”

पुढची वेळ आलीच नाही. जो तो तबकडीवरचीच धून मागायचा. काही वर्षांनी खरे थॉर्नबेकही बंद झाले, रूळ उखडले गेले. मग लोक सिरिललाही विसरले.

तो गेला, तेव्हा चर्चमध्ये तीच तबकडी लावली. मेव्हिस मला घेऊन पुढच्या बाकावर बसली होती. हातमोज्याने तिने माझ्यावरची धूळ पुसली. धुनेतली थॉर्नबेकची जागा जवळ आली, तसा मला वाजवायला तिने हात उंच केला. बासरी आलीच नाही. गाडी धडधडत पुढे निघून गेली. लोकांना वाटले, म्हातारी निरोप देते आहे. दोघाचौघांनी तिच्याबरोबर हातही हलवले.

घरी आल्यावर तिने मला दाराशी ठेवले. मी इथेच आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून काचेच्या कपाटात ठेवू नका. फक्त तुमच्या घरात कुणी कुणाला “पुढच्या वेळी” म्हणाले, तर मला उचला आणि तिथल्या तिथे वाजवा. चांगली जोरात वाजवा.