सहावी रेघ

तिने मायक्रोस्कोपची बारीक फिरकी केसभर मागे घेतली, श्वास रोखला आणि चौथ्यांदा मोजलं. पाच.

डोळा काढून तिने काचपट्टीवरची चिठ्ठी वाचली, जणू चिठ्ठीच खोटं बोलत असावी. अक्षर सरांचंच होतं. अंजीर, पानाची खालची बाजू, मूळ नमुना. चाळीस वर्षांपूर्वी सरांनी जगापुढे मांडलेली माइटची जात. माइट म्हणजे कोळ्याचा भाऊबंद, पण इतका बारीक की शंभर जण एका तिळावर ऐसपैस राहतील. पानाचा रस पितो आणि कुणाच्या नजरेस पडत नाही. सरकारी नोकरीत असता तर निवृत्त होईपर्यंत टिकला असता. त्याच्या पायाच्या टोकाला पिसासारखं नख असतं. त्या पिसाला फाटे किती, यावर बरंच काही ठरतं. सरांच्या जातीला सहा. लेखात सहा, चित्रात सहा, आणि बारा वर्षं तिने मुलांकडून घोकून घेतले तेही सहाच.

वसतिगृहामागच्या अंजिरावर तिला सापडलेल्या माइटला मात्र पाच होते. बाकी सगळं सरांच्या जातीसारखं, फक्त हा एक फाटा कमी. त्या न उगवलेल्या फाट्यावर तिची नवी जात उभी होती, आणि त्याच फाट्यावर तिची नोकरी टांगलेली. बारा वर्षं हंगामी म्हणून काढलेल्या बाईला विभागप्रमुख म्हणाले होते, "मुलाखतीला नवीन काहीतरी घेऊन या, मग बघू." तिने दोन वर्षं खपून नवीन काहीतरी तयार केलं आणि त्याला सरांचं नाव दिलं. लेख तपासणाऱ्याने जाता जाता एक प्रश्न टाकला होता: मूळ नमुना स्वतः पाहिलात का? न पाहता 'हो' लिहिणारे पुष्कळ असतात. हिने विभागातलं नमुन्यांचं कपाट उघडलं, आणि मूळ नमुन्यालाही पाचच निघाले; म्हणजे तिची जात नवी नव्हतीच.

तिने काचपट्टी लाकडी डबीत ठेवली, डबी पर्समध्ये ठेवली आणि दुपारीच सरांचं घर गाठलं.

दार सरांच्या बायकोने, काकूंनी उघडलं.

"ये गं. डोळे बघ कसे लाल झालेत. त्या भिंगातून डोळा काढून दुसरीकडे बघतेस की नाही कधी?"

"सर झोपलेत?"

"झोपतायत कसले. पेपरातल्या चुका काढतायत. दुसऱ्यांच्या चुका सापडल्या की जेवण पचतं त्यांचं."

विभागात प्रत्येकाकडे एक काडी असे, टोकाला पापणीचा केस चिकटवलेली. एवढासा जीव चिमट्याने उचलायला गेलं तर चिरडतो. पहिले केस काकूंचे. सरांचे विद्यार्थी वाढत गेले तशा काकूंच्या पापण्या विरळ झाल्या, असा विनोद होता. सरांची सगळी चित्रंही काकूंनीच काढलेली. प्रत्येक लेखाच्या शेवटी त्याबद्दल अर्धी ओळ आभार असत, काचपट्ट्या पुरवणाऱ्या दुकानदाराच्या नंतर.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. पेपराची घडी घातली, मग घडीची घडी घातली.

"काचेखालचा द्रव वाळला असेल," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत काच धुरकट होते."

"स्वच्छ दिसतंय, सर."

"तुला दिसतंय. त्या तपासणाऱ्याला कुठे दिसतंय?" त्यांनी आवाज खाली आणला. "नमुना खराब झाला आहे, फाटे मोजता आले नाहीत, असं लिही. सगळे लिहितात. तुझी जात राहील, तुझी जागा होईल."

आणि सरांचे सहा सहाच राहतील, हे त्यांनी सांगितलं नाही. हिशेब सरळ होता: खोटं एकच, आणि भलं दोघांचं. ती इतक्या उन्हात इथवर नेमकं हेच ऐकायला आली होती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तिने मान डोलावली. पर्सची चेन लावायला घेतली.

"आण इकडे ती डबी," काकू म्हणाल्या.

"अगं, तुला काय दिसणार आता?"

"मोतीबिंदू काढलाय माझा. तुमचाच राहिलाय."

खिडकीतल्या जुन्या मायक्रोस्कोपवरचं फडकं काकूंनी काढलं, काचपट्टी ठेवली आणि आरसा उजेडाकडे वळवला. बराच वेळ त्या वाकून राहिल्या. मग फोनजवळची वही ओढून घेतली, कोरं पान उघडलं. उजवा डोळा भिंगाला, डावा कागदावर. रेघ वाकडीतिकडी उमटत होती. मधला दांडा. एक फाटा. दोन. तीन. चार. पाच.

पेन उचललं गेलं.

"तेव्हाही मी पाचच काढले होते," त्या कागदाकडे बघतच म्हणाल्या. "सहावी रेघ यांची. मला म्हणाले, या कुळात पाच नसतात, तुझं लक्ष नव्हतं. मला खरंच वाटलं. धाकटा तापाने फणफणला होता तेव्हा. पुढे कित्येक वर्षं मी प्रत्येक चित्र तीन-तीनदा मोजायचे."

सर म्हणाले, "इतकं जुनं कशाला उकरायचं?"

काकूंनी वही तिच्याकडे वळवली.

"चित्राखाली काय लिहू? नवी जात, की यांचीच जुनी?"

तिने चित्राकडे पाहिलं. गेल्या दोन वर्षांत तिने काढलेल्या कुठल्याही चित्रापेक्षा ते वेडंवाकडं होतं आणि अचूक होतं. मुलाखत एकवीस तारखेला होती. नव्या जातीऐवजी दोन पानांची दुरुस्ती घेऊन गेलेल्या बाईला विभागप्रमुख काय म्हणतील, तेही तिला शब्दशः ठाऊक होतं.

"जुनी," ती म्हणाली. "जुनीच लिहा, काकू. आणि खाली तुमचं नाव घाला. पूर्ण."

काकूंनी लिहायला घेतलं.

सर उठले. चष्मा काढून टेबलावर ठेवला, रिकाम्या स्टुलावर बसले आणि भिंगाला डोळा लावला.

"उजेड कमी आहे," ते म्हणाले.

काकूंनी न बघता हात लांब करून पडदा सरकवला.

सरांच्या उजव्या हाताचं बोट टेबलावर हळूच आपटत गेलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग ते बोट आणखी एकदा वर उचललं गेलं आणि तसंच राहिलं.