समुद्राचा ठेका

आमच्या ह्यांना, म्हणजे उमाजींना, मासेमारी सोसायटीचं सचिव केलं, तेव्हापासून ते झोपेतसुद्धा नियमानं घोरतात. वेंगुर्ल्याच्या लॉजवर उतरल्या उतरल्या त्यांनी मालकीणबाईंना पहिला प्रश्न केला, तो चहाचा नव्हता.

"बाई, ह्या समुद्राचा ठेका कोणाकडं हाये?"

बाई चाव्या शोधता शोधता थांबल्या. त्यांना वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण समुद्रापासून लांब, वडशाजवळच्या आमच्या गावात तलाव सोसायटीच्या ठेक्यात असतो. परवानगीशिवाय जाळं टाकणारा चोर. असे तीन चोर ह्यांनी स्वतः पकडलेत, त्यातला एक माझा सख्खा भाऊ.

लॉज आमच्या लेकीनं, दामिनीनं, मोबाईलवर स्वस्तात स्वस्त पाहून ठरवला होता. 'समुद्र दोन मिनिटांवर' असं लिहिलेलं. ती मोटारसायकलची मिनिटं असावीत. पंखा फिरण्यापेक्षा कुरकुरायचा जास्त, चादर दमट, आणि भिंतीवर पाटी: 'खोलीत मासे साफ करू नयेत.' ती वाचून ह्यांचा चेहरा पडला.

खरं सांगते, मी काही समुद्र बघायला आले नव्हते. मागच्या वर्षी ह्यांच्या उजव्या हाताला लकवा मारला. हात परत आला. पोतं उचलतात, भांडताना तोच हात वर करतात. पण जाळं खुंटीवरून खाली उतरलं नाही. गावात फेकलं आणि उघडलंच नाही तर अख्खी सोसायटी बघणार. म्हणून त्यांना कुत्रंही ओळखत नाही अशा गावात मी त्यांना आणलं होतं, जाळ्यासकट.

मुक्काम दोन दिवसांचा. पहिला दिवस ठेकेदार शोधण्यात गेला. पोस्टात विचारलं, पानठेल्यावर विचारलं. संध्याकाळी ओहोटी लागली तर मला म्हणतात, "पाह्य, पाणी सोडाचं गेट कोणं उघडलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली जाऊन बाईंना सगळं सांगून टाकलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी लॉजच्या कागदावर लिहिलं, 'श्री. उमाजी, खोली क्रमांक चार, यांना समुद्रात जाळे टाकण्यास परवानगी आहे,' आणि खाली शिक्का ठोकला.

ह्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. शिक्का उजेडात धरून पाहिला. मग खाटेवर बसले.

"हे तुयं काम हाये, कुंता."

"हो. आता तं परवानगी भेटली. काऊन बसले?"

"मले भेव वाटून राह्यलं," ते म्हणाले. "नाई उघडलं तं?"

चाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा ऐकलं. शेजारी बसून धीर द्यावासा वाटला. पण तसं केलं असतं तर हा माणूस पुन्हा ठेकेदार शोधायला निघाला असता.

"नाई उघडलं तं मी हासन. चला, उठा."

किनाऱ्यावर आम्ही दोघंच होतो. हे गुडघाभर पाण्यात गेले. पहिल्यांदा जाळं गाठोड्यासारखं पडलं. मी कबूल केल्याप्रमाणे मोठ्यानं हसले. दुसऱ्यांदा लाटेनं ते परत त्यांच्याच पायाशी आणून टाकलं. तिसऱ्यांदा हात खांद्यापासून फिरला आणि जाळं उघडलं. पुरतं गोल नाही, एका अंगानं चेपलेलं, पण उघडलं. ओढलं तर आत बोटाएवढा एक मासा. तो त्यांनी सोडून दिला.

आता हसायला हवं होतं, पण माझ्या डोळ्यांना धार लागली.

"कोणं पाह्यलं काय?" त्यांनी विचारलं.

"म्या पाह्यलं."

ते बराच वेळ जाळ्यातली वाळू झटकत राहिले. बाजारात मासे विकायला मी लागायची, पण तलावाच्या बांधावर, पाळीवर, त्यांनी मला कधी बोलावलं नव्हतं. बायांचं तिथं काय काम, म्हणायचे.

"घरी गेल्यावर तलावावर येजो," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "पाळीवर उभी राह्यजो, सगळ्यायच्या समोर. अन् हासाचं असन तं तिथीच हासजो."