देवमाशाच्या पाठीवरचा माणूस

हॉलंडमधल्या हार्लेम शहरात आमचं चित्रांचं दुकान आहे. माझा धाकटा भाऊ वायब्रांट तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरतो, मी ते छापते आणि विकते. जवळच्या झांडफोर्ट गावच्या किनाऱ्याला देवमासा लागला तेव्हा बघ्यांची जत्रा लोटली आणि वायब्रांटही कागद घेऊन धावला. अशा चित्रात माशाच्या पाठीवर एक माणूस उभा करायचाच असतो, नाहीतर जनावर केवढं ते कळत नाही. त्या दिवशी ह्यूबर्ट नावाचा कोळी हौसेने वर चढला होता. वायब्रांटने त्यालाच कोरला, टोपी उंचावून हसणारा.

पुढे मासा सडला. तेलासाठी पोट फाडायला गेलेल्यांत ह्यूबर्टही होता. आतली घाण अंगावर उसळली आणि तो तापाने गेला. चित्र मात्र धडाधड खपत राहिलं.

एका सकाळी त्याची बायको आलाइड वाळूच्या टेकड्या तुडवत दुकानात आली. रडली नाही. सुक्या मासळीची टोपली माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "त्याला खाली उतरवा."

"कुणाला गं?"

"माझ्या नवऱ्याला. आमच्या गुत्त्यात हे चित्र लावलंय. पोरगी रोज दारातून हाका मारते, बाबा, उतर म्हणून. काय सांगू तिला?"

वायब्रांट मान वर न करता म्हणाला, "माणूस काढला तर मासा वीतभर हेरिंगएवढा दिसेल. कोण घेणार मग?"

"तू चढ की," मी म्हणाले. "तुझी ढेरी बघून कळेल लोकांना माप."

तांब्यात कोरलेलं पुसता येत नाही. खरवडायचं, घासून गुळगुळीत करायचं, मग पत्रा उलटा करून हातोडीने ठोकत खड्डा वर आणायचा. टोल्याटोल्याला तो माझा उद्धार करत होता. पण नुसता माणूस काढून थांबला नाही, आणि मला माझ्या भावाचं फार कौतुक वाटलं.

नवं चित्र मी स्वतः गुत्त्यात नेऊन लावलं, जुनं काढून घेतलं आणि आलाइडला बोलावलं. तिने आधी माशाची पाठ पाहिली. तिथे कुणी नव्हतं. मग तिचं बोट खाली वाळूवरून सरकत गेलं आणि थांबलं. ह्यूबर्ट माशाकडे पाठ करून गावाकडे निघाला होता.

ती त्याच्यावर रागावून, हळूच म्हणाली, "एवढंच तर करायचं होतं रे तुला."