पहिल्या मिठाची पुरचुंडी

मित्रांनो, मी एक जुनी फियाट आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव गोड नाही. जुन्या वस्तू मुलांना गोष्ट सांगायला बसल्या की आवाज मऊ करतात. मला ते जमत नाही. वसईच्या खाडीकाठच्या एका अंगणात मी विटांच्या थरांवर उभी आहे. माझ्या सीटा बाहेर काढल्या आहेत, तळाचा पत्रा कापला आहे, आणि ज्यांनी माझ्यावरून जीव ओवाळून टाकला त्यांच्यावरच माझा राग आहे. का, ते ऐका.

माझे पहिले मालक पापडी गावचे लुईस मास्तर. माणूस चिडका. माझ्या दाराला कुणी पाठ टेकली तरी खेकसायचे. पण समुद्राकडे फेरी झाली की घरी पोचल्या पोचल्या विहिरीच्या गोड्या पाण्याने आधी माझं पोट धुवायचे, वरचा रंग मागाहून. तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. आता वाटतं, माझ्या आयुष्यात शहाणं माणूस ते एकच.

मास्तरांची नजर अधू झाली आणि त्यांनी मला काळूरामला विकलं. काळूरामचं खाडीत मिठागर होतं. मी अंगणात शिरले तेव्हा त्याच्या बायकोने, शकूने, माझ्या चाकांवर पाणी घातलं, कपाळावर कुंकू लावलं. मी हुरळून गेले. या घराची एक रीत होती. हंगामातलं पहिलं मीठ म्हणजे लक्ष्मी. ते विकायचं नाही, घरातल्या सगळ्यात मोलाच्या जागी ठेवायचं. इतकी वर्षं ते देव्हाऱ्याजवळ असायचं. मी आले, आणि काळूरामला वाटलं, आता आपल्या घरात मोलाची म्हणजे ही गाडी. त्याने पहिल्या मिठाची फडक्यात पुरचुंडी बांधली आणि माझ्या पुढच्या सीटखाली सारली. पुढच्या हंगामात आणखी एक. मग आणखी एक. जुनी काढायची नाही. लक्ष्मीला कुणी हाताने बाहेर घालवतं का!

आता मला सांगा, मिठागरात मीठ ओढायची फळी लाकडाची का असते? लोखंडाला मीठ खातं म्हणून. हे काळूरामला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. पण माझ्यापुढे आला की तो हात जोडून डोळे मिटायचा. पावसाळ्यात त्या पुरचुंड्यांना पाणी सुटायचं आणि रबरी मॅटखाली जाऊन साचायचं. वरून मी झकास, गावातल्या प्रत्येक वरातीत पुढे. खालून माझ्या पत्र्याचे पापुद्रे सुटत होते. मी करकरले तर घरचे म्हणायचे, जुनी गाडी आहे, आवाज करणारच. माझा असा संताप व्हायचा!

काळूराम गेला. माझ्यावर ताडपत्री पडली आणि कोंबड्या माझ्याखाली अंडी घालू लागल्या. मग त्याच्या मुलीचं, दिपिकाचं, लग्न ठरलं. साखरपुड्यात तिचा भाऊ अल्पेश पाहुण्यांदेखत बोलून बसला, "माझी बहीण बाबांच्या गाडीतूनच सासरी जाणार." सासर हायवेपलीकडे. टाळ्या पडल्या. अल्पेशने आयुष्यात कधी नट फिरवला नव्हता.

त्याने सुरुवात कुठून केली असेल? रंगापासून! मोबाइलवर कुठेतरी झगमगीत गाड्या बघितल्या आणि गोखिवऱ्याहून लालभडक रंगाचे डबे आणले. जिथे भोक दिसलं तिथे पुट्टी लिंपली, वर रंग फवारला. सीटांना नवी कव्हरं घातली, आरसे चमकवले, बॅटरी तेवढी कुणाकडून बदलून घेतली. मला मेलेल्या माणसाला पावडर लावल्यासारखं वाटत होतं.

दिपिका एका कारखान्यात माल तपासायची. वस्तू हातात आली की आधी उलटी करायची, ही तिची सवय. ती माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "दादा, आधी सीट काढ, मॅट काढ, खालचा पत्रा ठोकून बघ. ब्रेक बघ. रंग शेवटी."

"तुझ्याच लग्नासाठी मरतोय ना मी? त्यातपण तुला चुकाच दिसतात?"

"मला रंग नकोय. पाय ठेवायला तळ हवाय."

ओट्यावरून शकू कडाडली, "सीटला कोनी हात लावायचा नाय! खाली तुमच्या बापसाची लक्ष्मी हाय."

"मग मी रिक्षाने जाते सासरी," दिपिका म्हणाली.

"जा! बापाच्या गाडीपेक्षा तुला रिक्षा मोठी वाटते ना, खुशाल जा," अल्पेश ओरडला.

त्यानंतर लग्नघरात अबोला. हळदीची तयारी चालू आणि बहीण-भाऊ एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. मी मात्र आतल्या आत जळत होते. या पोरीला घेऊन मी हायवेवर सुटले असते तर काय झालं असतं, ते मला एकटीलाच माहीत होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी मला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. अल्पेश दिपिकाला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला, "आई, पहिली तू बस. बघू देत लोकांना." शकू पदर सावरत पुढच्या सीटवर बसली. अल्पेशने चावी फिरवली. सुरूच व्हायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण मेलं इंजिन निष्ठावान, एका झटक्यात सुरू झालं. शकूने नीट बसायला टाच रेटली, आणि करकन आवाज होऊन तिचा पाय गुडघ्यापर्यंत माझ्या पोटातून खाली गेला.

अल्पेशचा हात गिअरवरच गोठला. दिपिका ओट्यावरून धावत आली, खिडकीतून हात घालून तिने चावी बंद केली. "आता गाडी हलली असती ना, तर आईचा पाय राहिला नसता," ती म्हणाली.

दोघांनी शकूला उचलून बाहेर काढलं. नडगी खरचटली होती. तिने पायाकडे बघितलंसुद्धा नाही. "सीट काढ," ती अल्पेशला म्हणाली. सीट निघाली. खाली तांबडे, ओलसर गोळे पत्र्याला चिकटून बसले होते. पत्रा कुठला, नुसता चुरा! शकूने एक पुरचुंडी खरवडून काढली आणि ओट्यावरच्या नवऱ्याच्या फोटोसमोर धरली.

"मिठागरात फली लाकडाची लागते, येवढं तुमाला कलत व्हतं ना? मग हितं डोले कुठं गेले व्हते? माजी पोर ह्याच्यात बसनार व्हती!"

आणि ती खाली बसून रडायला लागली. त्या घरात माझ्या बाजूने कुणी भांडलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, वाईटही वाटलं. तो बिचारा प्रेमानेच माझ्या मुळावर उठला होता.

दिपिका भाड्याच्या गाडीतून सासरी गेली. निघताना तिने अल्पेशच्या हातात एक स्क्रू ड्रायव्हर ठेवला. "आता खालून सुरू कर," म्हणाली. अल्पेशने मान खाली घालून तो घेतला.

आता सुट्टीच्या दिवशी तो माझ्याखाली आडवा होतो. ठोकतो, कान देतो. आवाज टणक आला तर पुढे सरकतो, पोचट आला तर खडूने खूण करतो. तेवढा पत्रा कापून नवा जोडायचा, मग ब्रेक, मग इंजिन. रंगाचं तो नावही काढत नाही. मला शिव्या देतो. मीही त्याच्या डोळ्यांत गंज पाडते. आमचं बरं चाललं आहे.

मित्रांनो, जुनी गाडी घरी आणाल तर आधी रंगाच्या दुकानात धावू नका. आधी जमिनीवर आडवे व्हा आणि आमचं पोट बघा. आम्हाला ओवाळू नका, तपासा.

यंदा शकूच्या दिराकडून हंगामातलं पहिलं मीठ आलं. तिने ते चिनी मातीच्या बरणीत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि अंगणात आणलं. मला वाटलं, आली परत माझ्याकडेच! पण ती तुळशीपाशीच थांबली. बरणी उचलून मला लांबूनच दाखवली आणि म्हणाली, "बघ बाय, आलं बरं का. तुझ्याजवल नाय आनत." आणि बरणी घेऊन घरात गेली.