चौकातले साबणाचे खोके

मित्रांनो, मी एक जुने लाकडी खोके आहे. साबणाच्या कारखान्यात एका चिडक्या सुताराने वाकडेतिकडे खिळे ठोकून मला घडवले. जन्मभर साबण वाहायचा, असेच मी धरून चालले होते. पण एका शिंपीणबाईंनी मला दुकानदाराकडून मागून नेले, भर चौकात पालथे घातले आणि त्या सरळ माझ्या पाठीवर उभ्या राहिल्या! मी पार गोंधळून गेले.

"बायकांना मत हवं!" त्या ओरडल्या. मत म्हणजे काय, हे मला कोणी सांगेना. काहीतरी खायची वस्तू असावी, इतकी त्यावरून भांडणे होत. कोणी टाळ्या वाजवी, कोणी सडके टोमॅटो मारी, आणि ते नेमके मला लागत. बाईंचे पाय लटलट कापत, आवाज मात्र खणखणीत. एवढी भीती वाटते तर रोज कशाला यायचे?

बाई भावाकडे राहत. घर वहिनीच्या नावावर होते, तिला माहेरून मिळालेले.

"वन्सं, ते खोकं आधी दाराबाहेर ठेवा," वहिनी करवादे. "लोक तोंडात शेण घालतात आमच्या!"

अशी वर्षे गेली आणि एकदाचा कायदा झाला. बाईंनी तो वाचला आणि त्या माझ्यावर मटकन बसल्या. जिच्या नावावर घर, त्याच बाईला मत. म्हणजे वहिनीला मिळाले, बाईंना नाही! हे कसे काय?

मतदानाच्या दिवशी वहिनी डोकेदुखीचे निमित्त काढू लागली. "वहिनी, माझ्यासाठी तरी चल," म्हणत बाईंनी तिला ओढत नेले आणि स्वतः बाहेर माझ्यावर बसून राहिल्या. त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मला काहीच कळेना.

वहिनी बाहेर आली. "वन्सं, उठा जरा," म्हणाली आणि पदर खोचून माझ्यावर चढली. चांगली वजनदार बाई! माझी फळी कडाडली.

"घसा फोडला ह्यांनी, शिव्या खाल्ल्या ह्यांनी, आणि मत मला?" ती ओरडली. "का? सांगा की कोणीतरी!"

टोमॅटो मारणारेसुद्धा डोके खाजवू लागले. मला वाटत होते, एकट्या मलाच कळत नाही.

पुढे कायदा बदलला आणि बाईंनाही मत मिळाले, तेव्हा त्यांचे केस पिकले होते. वहिनीने हात धरून त्यांना आत नेले. आता मी अडगळीत पडून आहे, पोटात कांदे भरलेले. त्याचे काही नाही. पण हल्ली मतदानाच्या सुट्टीत मोठी माणसे दुपारपर्यंत झोपून राहतात, असे ऐकते. मित्रांनो, हे तर मला मुळीच समजत नाही. तुमच्या घरी कोणी झोपले असेल, तर त्यांना उठवाल ना?